बँकेत घरकर्ज मागण्याआधी आपलं सिबिल वाचा

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं, की पीककर्ज देताना शेतकऱ्याला सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा अहवाल आणि त्यावरचा स्कोअर, मागू नका, मागाल तर कारवाई होईल. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून गावागावांत पोचली आणि पोचता पोचता तिचा अर्थ बदलला. यवतमाळ, वाशिम, वर्ध्याकडच्या बऱ्याच लोकांनी समजून घेतलं, की शेतकऱ्याला आता सिबिल लागतच नाही. मग पोरगा तालुक्याला नोकरीला लागतो, प्लॉट घेतो, घरकर्जाचा अर्ज टाकतो आणि काउंटरमागचा साहेब संगणकाकडे पाहून म्हणतो, "सिबिल बसत नाही."

ते बजावणं पीककर्जापुरतं होतं. घरकर्जाची फाइल सिबिल पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि बँकेला त्याची मनाईही नाही. तालुक्याच्या गावी लोकांचे अर्ज भरून देण्याचं काम मी करतो. समोर जे अहवाल येतात त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. खेड्यातल्या माणसाचा स्कोअर घरकर्जाच्या टेबलावर बिघडत नाही. तो बिघडतो मार्चमध्ये पीककर्जाच्या खात्यावर, दिवाळीत मोबाइलच्या दुकानात, आणि सोयऱ्याच्या ट्रॅक्टरला जामीन म्हणून सही करताना. घराचा विचार मनात यायच्या कितीतरी आधी.

सिबिल कोणाचं?

सिबिल हे सरकारी खातं नाही. ती एक कंपनी आहे. २००० साली सुरू झाली, आता तिचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत: एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. या चौघींना पतमाहिती कंपन्या म्हणतात. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि रिझर्व्ह बँकेची त्यांच्यावर नजर असते. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना पाठवतात. कोणी किती घेतलं, किती भरलं, किती दिवस उशीर केला, सगळं. पूर्वी ही माहिती महिन्याने जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला एकदा पाठवणं बंधनकारक झालं.

या माहितीचं पुस्तक म्हणजे अहवाल. त्या पुस्तकावरून काढलेला ३०० ते ९०० मधला एक आकडा म्हणजे स्कोअर. लोक आकड्याच्या मागे लागतात आणि पुस्तक उघडत नाहीत. दुरुस्ती मात्र पुस्तकातच करावी लागते.

सोयाबीन विकायला नेल्यावर ग्रेडर मूठभर दाणे यंत्रात टाकून ओल मोजतो, तसाच हा आकडा. यंत्र तुम्ही शेतकरी कसे आहात ते सांगत नाही, जमीन किती तेही सांगत नाही, फक्त दाण्यातली ओल सांगते. आणि ओलीची हद्द यंत्र ठरवत नाही, घेणारा ठरवतो. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांची हद्द होती, २०२४ च्या हंगामात ती १५ टक्के केली. दाणे तेच, यंत्र तेच, काल परत केलेला माल आज काट्यावर चढला. घरकर्जाचंही असंच. अमुक स्कोअर असल्याशिवाय कर्ज देऊ नका, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपली हद्द आपण ठरवते.

म्हणून एका बँकेने नाही म्हटलं की सगळ्या बँकांनी नाही म्हटलं, असं होत नाही.

पुस्तकात नेमकं काय लिहिलेलं असतं?

अहवालात प्रत्येक कर्जाचं वेगळं पान असतं. त्यावर कर्ज कशाचं, कधी घेतलं, बाकी किती, थकीत किती, आणि खाली महिन्यागणिक चौकटींची रांग. वेळेवर हप्ता गेला तर चौकटीत ०००. महिनाभर उशीर असेल तर ०३० च्या आसपासचा आकडा. या आकड्याला डीपीडी म्हणतात, म्हणजे हप्त्याची तारीख उलटून किती दिवस झाले ते. साधारण मागच्या तीन वर्षांच्या चौकटी समोर दिसतात. स्कोअरमध्ये सर्वांत जास्त वजन या चौकटींचं आहे. बाकी गोष्टी, म्हणजे क्रेडिट कार्ड किती वापरलं, किती जुनी कर्जं आहेत, तारणाची किती आणि बिनतारणाची किती, नवीन अर्ज किती टाकले, या त्यानंतर.

आता एक पान उघडून पाहू. समजा दिवाळीत कोणी १४ हजारांचा मोबाइल सहा हप्त्यांवर घेतला. पाच हप्ते खात्यातून आपोआप गेले. सहाव्याच्या वेळी खात्यात चारशे रुपये कमी होते, हप्ता बाउन्स झाला. आठ दिवसांनी कापूस विकला, पैसे आले, त्याने दुकानात जाऊन हप्ता भरला आणि विषय संपला असं समजला. पण बाउन्सचा दंड आणि त्यावरचा कर तसाच राहिला. कर्ज बंद झालं नाही. पाच-सहाशे रुपयांची बाकी आणि चौकटीत ०३०, ०६०, ०९०, पुढे जितके महिने तितका आकडा वाढता. त्याला फोन आले असतील, पण अनोळखी नंबर आपण उचलतो कुठे? तीन वर्षांनी तोच माणूस बारा-पंधरा लाखांचं घरकर्ज मागायला जातो आणि विचारतो, "म्या त कोनाचा रुपया बुडोला नाही, मंग माह्यं सिबिल खराब कायनं झालं?"

खरंच त्याने बुडवला नव्हता. पण मशीन रक्कम लहान की मोठी याच्या आधी दिवस मोजते. म्हणून हप्त्यावर घेतलेली कुठलीही वस्तू असो, शेवटचा हप्ता गेला की फायनान्स कंपनीकडून नो ड्यूज दाखला मागून घ्यायचा. मेसेजवर येतो, पैसे लागत नाहीत.

पीककर्ज, नवं-जुनं आणि माफीची वाट

विदर्भातल्या अहवालात सर्वांत गुंतागुंतीचं पान हेच असतं.

पीककर्ज वेळेत, साधारणपणे मार्चअखेर, भरलं तर तीन लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडत नाही. केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शून्यावर येतं. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव नवं-जुनं चालतं. कुणाकडून आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं खातं भरायचं, बँकेने नवं कर्ज टाकलं की ते पैसे परत करायचे. त्या आठवड्याचं खासगी व्याज कंबरडं मोडणारं असतं. पण अहवालापुरतं बोलायचं तर असं खातं स्वच्छ दिसतं. पैसे सावकाराकडून आणले की धान विकून, हे चौकटीला कळत नाही.

ज्याचं नवं-जुनं चुकलं त्याचं खातं थकीत. इथे पीककर्जाला एक सवलत आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. साध्या कर्जाचा हप्ता ९० दिवस चुकला की खातं बुडीत वर्गात, म्हणजे एनपीएत जातं. कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला त्यासाठी दोन हंगामांची मुदत आहे. पण एनपीए व्हायला वेळ आहे याचा अर्थ उशीर लिहिला जात नाही, असा नाही. तारीख उलटली की खातं अहवालात थकीत दिसू लागतं.

आणि मग माफी. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखांपर्यंत होती, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंत. दोन्हींत मोठा लाभ थकीत राहिलेल्यांना मिळाला. नियमित भरणाऱ्यांना पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि दुसऱ्या वेळी ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन. हे गणित शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. माफीची चर्चा सुरू झाली की हातात पैसे असूनही लोक थांबतात, आणि मी त्यांना वेडं म्हणणार नाही. दोन एकरांवर सोयाबीन गेलेल्या माणसाला स्कोअरची काळजी करायला सांगणं हे पोट भरलेल्याचं बोलणं आहे.

एवढंच, की थांबण्याची किंमत कुठे लिहिली जाते ते माहीत असावं. ज्या घरात येत्या दोन-तीन वर्षांत घरकर्ज काढायचं आहे, त्या घराने हा हिशेब वेगळा मांडावा. माफीने बाकी शून्य होते, पण आधीच्या उशिराच्या चौकटी पुसल्या जात नाहीत. पतमाहिती कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. शिवाय माफीचे पैसे बँकेला मिळाल्यावरही काही जुन्या खात्यांवर 'थकीत' किंवा 'सेटल्ड' असा शेरा राहून गेलेला सापडतो. सेटल्ड म्हणजे तडजोड झाली, बँकेने काही रक्कम सोडली. क्लोज्ड म्हणजे पूर्ण फिटलं. घरकर्ज देणारा माणूस हे दोन शब्द फार वेगळ्या नजरेने वाचतो. एकरकमी तडजोडीत चाळीस हजार सुटले म्हणून आनंद करताना हा शेराही सोबत येतो, हे कोणी सांगत नाही. सुटलेली रक्कम नंतर भरून शेरा बदलून घेता येतो. बँकेला तसं लेखी विचारायचं.

राष्ट्रीयीकृत बँकेचं किसान क्रेडिट कार्ड अहवालात दिसतंच. गावच्या सोसायटीमार्फत घेतलेलं कर्ज कुणाच्या अहवालात दिसतं, कुणाच्या नाही. त्यामुळे 'सोसायटीचं आहे, ते कुठे दिसते' या भरवशावर राहू नका.

"पण ते कर्ज माझं नव्हतंच"

हा आक्षेप तीन वाटांनी येतो.

पहिली वाट जामीनाची. कुणाच्या ट्रॅक्टरला, कुणाच्या पोराच्या शैक्षणिक कर्जाला सही केली असेल तर ते कर्ज जामीनदार म्हणून तुमच्याही अहवालात येतं. त्याने हप्ते थकवले की तुमची क्षमता मोजताना बँक ते धरते. नात्यात नाही म्हणणं अवघड, हे खरं. पण सही केली असेल तर निदान वर्षातून एकदा त्या कर्जाची स्थिती विचारायला लाजू नये.

दुसरी वाट बायकोच्या नावाची. गावात फायनान्सवाला येतो, ठरलेल्या दिवशी कुणाच्या तरी ओसरीवर मिटिंग भरते, बायका हप्ते देतात. तीस-चाळीस हजारांचं कर्ज, वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंतच्या कुटुंबाला, बिनतारणी. ते बाईच्या नावावर असतं आणि तिच्या अहवालात लिहिलं जातं. कित्येकदा पैसे नवऱ्याच्या बियाण्याला किंवा सासऱ्याच्या दवाखान्यात गेलेले असतात. कधी शेजारणीला गरज होती म्हणून हिने आपल्या नावावर उचलून दिलेले असतात. मग घरकर्जाला उत्पन्न वाढावं म्हणून बँक तिला सहअर्जदार करते आणि अहवाल काढल्यावर तीन कंपन्यांची कर्जं निघतात. नवरा तिच्याकडे पाहतो. खरं तर दोघांनी मिळून आधीच पाहायला हवं होतं.

तिसरी वाट बापाची. बापाच्या थकीत कर्जाने पोराचा स्कोअर उतरत नाही, हे स्पष्ट आहे. पुस्तक ज्याचं त्याचं. पण प्लॉट बापाच्या किंवा तिघा भावांच्या नावावर असेल, तर बँक मालकांना कर्जात सामील व्हायला सांगते. सामील झालेल्या प्रत्येकाचा अहवाल निघतो. खेड्यातलं घरकर्ज सहसा एका माणसाचं नसतंच, त्यामुळे अर्जाआधी पाहायचे अहवालही एकापेक्षा जास्त असतात.

"मी आयुष्यात कर्ज घेतलंच नाही, माझं तर उत्तम असेल"

उत्तम नाही, कोरं असेल. अहवालात अशा जागी वजा एक लिहिलेलं दिसतं, म्हणजे इतिहास नाही. सावकाराचं व्याज वीस वर्षं चुकवलं नाही, सराफाकडे गहाण ठेवलेली पोत दरवेळी सोडवली, पतसंस्थेचा हप्ता एकदाही राहिला नाही, यातलं सहसा काहीच या पुस्तकात येत नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं. खेड्यातला प्रामाणिकपणा अजून बराचसा या वहीबाहेरच राहतो.

पण कोरं असणं म्हणजे नकार नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितलं आहे, आणि अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत तेच पुन्हा स्पष्ट केलं. बँक बाकी सगळं तपासणार, पगारपत्रक, खात्याची उलाढाल, विवरणपत्र. तेवढा तिचा हक्क आहे. नुसतं "सिबिल नाही" एवढं कारण देऊन परत पाठवत असतील तर कारण लेखी मागा.

"कमी स्कोअरवाल्यालाही कर्ज देणारे आहेत की"

आहेत. फरक व्याजात निघतो. ७५० च्या वर असेल तर बँका सहसा कुरकुरत नाहीत, आणि बऱ्याच बँकांचा घरकर्जाचा दर स्कोअरप्रमाणे बदलतो. १५ लाख रुपये, २० वर्षं, ८ टक्के दराने हप्ता येतो सुमारे १२,५४७ रुपये. तेच ९ टक्क्यांनी १३,४९६. महिन्याला साडेनऊशेचा फरक किरकोळ वाटतो. वीस वर्षांत तो २ लाख २८ हजारांच्या घरात जातो. बाउन्सच्या दंडाचे ते पाच-सहाशे रुपये या हिशेबासमोर ठेवून पाहा.

घाई नसेल तर थांबावं. थकीत भरून टाकलं आणि चालू हप्ते वेळेवर गेले की काही महिन्यांत आकडा हळूहळू वर सरकतो. स्कोअर वाढावा म्हणून मुद्दाम कर्ज काढा, असा सल्ला मोबाइलवर बराच फिरतो. मला तो पटत नाही.

"अहवाल पाहिला की स्कोअर उतरतो म्हणे"

आपण आपला अहवाल पाहिल्याने काहीही उतरत नाही, कितीही वेळा पाहा. बँकेने तुमच्या अर्जावरून पाहिला तर त्याची नोंद होते. एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकले की पाच नोंदी होतात, आणि माणूस पैशासाठी अडला आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. मोबाइलवर 'तुमची पात्रता तपासा' असं लिहिलेल्या बटणांपासूनही जपून. त्यातली काही खरा अर्ज टाकून मोकळी होतात.

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. त्यांच्या संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवर येणारा ओटीपी एवढ्यावर काम होतं. अडचण ओटीपीपाशी येते, कारण कर्ज घेताना दिलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो. आधी बँकेत नंबर बदलून घ्या.

अहवाल हाती आला की स्कोअर राहू द्या, आधी नाव, पॅन, पत्ता पाहा. एकाच गावात एकाच नावाचे दोघं आपल्याकडे पैशाला पासरी. दुसऱ्याचं कर्ज आपल्या पानावर येऊ शकतं. मग न ओळखू येणारं खातं, फिटूनही उघडं असलेलं कर्ज, चुकीचे शेरे. चूक दिसली तर त्याच संकेतस्थळावर तक्रार टाकायची आणि सोबत बँकेलाही अर्ज द्यायचा, कारण बँकेने मान्य केल्याशिवाय पतमाहिती कंपनी स्वतःहून काही बदलत नाही. पोच घ्यायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यातूनही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. मदतीचा नंबर १४४४८.

तहसीलसमोर 'सिबिल साफ करून मिळेल' असे फलक दिसतात. खरी नोंद पैसे देऊन कोणीच पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता. ओटीपी मात्र त्यांच्या हाती देऊ नका.

"माझा स्कोअर ८०० आहे, तरी कर्ज नाही दिलं"

हेही होतं, आणि खेड्यात बरंच होतं. स्कोअर माणसाबद्दल बोलतो, घराबद्दल नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरटॅक्सची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, ती कर आकारणीची नोंद आहे. गावठाणातल्या घरांना २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या गावात झाली असेल तर ती काढून घ्या. शेताच्या तुकड्यावर बांधायचं असेल तर कोणती परवानगी लागते ते आधी विचारून घ्या. घरकुलाचं मात्र वेगळं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातले १ लाख २० हजार रुपये अनुदान आहे, कर्ज नाही. त्याला सिबिल कोणी विचारलं तर तो चुकीचं विचारतो आहे.

परवानगी, मोजणी, फेरफार यांत महिने जातात. तो अर्ज ज्या आठवड्यात टाकाल त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या अर्जदारांचे अहवालही काढून ठेवा. चूक निघाली तर दुरुस्तीचे तीस दिवस त्याच मुदतीत निघून जातात.